शाळेतल्या सूत्रापासून कोल्मोगोरोव्हच्या गृहीतकांपर्यंत: पदवीच्या पहिल्या वर्षी संभाव्यता शिकताना नेमके कुठे अडते?

मुळाकाठ (धागाकर्ता)

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण असते आणि बहुतेक विद्यार्थ्यांना ते सोपे वाटते. नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींचा संच, लिहायचा, अनुकूल घटक मोजायचे आणि एकूण घटकांच्या संख्येने भागायचे, एवढेच तिथे करायचे असते. हेच विद्यार्थी संख्याशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात संभाव्यता सिद्धांताच्या तासाला बसले की काही आठवड्यांतच अडखळू लागतात, आणि आपले क्रमपर्यय-संयोग कच्चे राहिले असा त्यांचा समज होतो. मला हे निदान पटत नाही. मोजणी कच्ची असेल तर ती सरावाने सुधारते. खरी अडचण मोजणीच्या आधी असते. आपण कोणत्या संचाविषयी बोलत आहोत, त्या संचातील घटकांना कोणते वजन दिले आहे आणि ते कोणत्या आधारावर दिले आहे, हे विचारण्याची सवय शाळेत लागत नाही, कारण तिथल्या प्रत्येक उदाहरणात या प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असतात.

गॅलिलिओपुढे आलेला एक प्रश्न या संदर्भात फार बोलका आहे. तीन फासे टाकले असता ९ ही बेरीज सहा प्रकारे मिळते (१-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३) आणि १० ही बेरीजसुद्धा सहाच प्रकारे मिळते (१-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४). असे असूनही खेळणाऱ्यांच्या अनुभवात १० किंचित अधिक वेळा येत असे. गॅलिलिओने दाखवले की हे प्रकार सारख्या वजनाचे नाहीतच. १-२-६ हा प्रकार सहा वेगवेगळ्या क्रमांनी घडतो, २-२-५ तीन क्रमांनी घडतो, तर ३-३-३ एकाच क्रमाने घडतो. एकूण २१६ क्रमित त्रयींपैकी ९ च्या वाट्याला २५ आणि १० च्या वाट्याला २७ येतात. इथे मोजणी कोणाचीच चुकलेली नव्हती. समान वजनाचे घटक कोणते, एवढाच प्रश्न होता. दालांबेर हा तर अठराव्या शतकातील अव्वल गणिती, आणि तरीही १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातील लेखात त्याने असे मांडले की नाणे दोनदा उडवताना निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ असावी, कारण पहिल्याच खेपेस छापा आला तर खेळ तिथेच संपतो आणि तीनच शक्यता उरतात. शक्यता तीन आहेत हे खरे, पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिलीचे वजन १/२ आहे आणि उरलेल्या दोन्हींचे १/४ आहे, म्हणून उत्तर ३/४ येते.

आपल्याकडच्या सारीपाटाच्या कवड्या घेतल्या तर हा मुद्दा अधिकच ठळक होतो, आणि वर्गात नाण्याऐवजी कवडीने सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. कवडीच्या दोन बाजूंचा आकार वेगळा असतो, त्यामुळे ती उताणी पडेल की उपडी पडेल या दोन शक्यता निम्म्या-निम्म्या मानण्याला कोणताही आधार नाही. सहा कवड्या टाकल्या तर उताण्या-उपड्यांचे ६४ क्रम होतात, परंतु ‘अनुकूल भागिले एकूण’ हे सूत्र इथे निरुपयोगी ठरते. एक कवडी उताणी पडण्याची संभाव्यता ‘प’ मानली, ती सर्व कवड्यांसाठी तीच मानली आणि कवड्यांचा एकमेकींवर परिणाम होत नाही असेही मानले, तरच नेमक्या दोन कवड्या उताण्या पडण्याची संभाव्यता ‘१५ गुणिले प चा वर्ग गुणिले (१ − प) चा चौथा घात’ अशी लिहिता येते. या एका वाक्यात तीन गृहीतके आहेत, आणि ‘प’ ची किंमत कोणतेही सूत्र देत नाही. ती कवड्या पुष्कळ वेळा टाकूनच अंदाजावी लागते.

जुगारातील प्रश्नांवरचा पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणित्यांचा पत्रव्यवहार १६५४ सालचा आहे, तर रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने आज शिकवली जाणारी गृहीतके मांडली ती १९३३ साली. संभाव्यता ऋण नसते. संपूर्ण नमुना अवकाशाची संभाव्यता १ असते. आणि परस्पर अपवर्जक, म्हणजे एकत्र घडूच न शकणाऱ्या, घटनांच्या सान्त किंवा गणनीय अनंत (१, २, ३ असे क्रमांक देता येतील अशा) मालिकेसाठी संयोगाची, म्हणजे त्यांपैकी कोणती तरी घडण्याची, संभाव्यता ही त्या घटनांच्या संभाव्यतांची बेरीज असते. गृहीतके एवढीच आहेत. वजने कुठून आणायची याविषयी ती एक शब्दही बोलत नाहीत, ती जबाबदारी प्रश्न मांडणाऱ्यावर सोडतात, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी हीच जबाबदारी ओळखायला हवी.

शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आपापल्या अडणाऱ्या जागा इथे मांडाव्यात, म्हणजे त्यावर सविस्तर बोलता येईल.

---

रेवा_सातारा

सर, मी सध्या दुसऱ्या सत्रात आहे आणि दोन गोष्टींचा उलगडा मला अजून झालेला नाही. पहिली अशी की परस्पर अपवर्जक घटना आणि स्वतंत्र घटना यांतील फरक व्याख्या पाठ असूनही प्रश्न सोडवताना हातातून निसटतो. दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नसणे, हे दोन्ही ठिकाणी सारखेच वाटते. दुसरी अशी की संतत चलांच्या, म्हणजे एखाद्या अंतरालातील कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलांच्या, प्रकरणात कोणत्याही एका किमतीची संभाव्यता शून्य असते असे सांगितले जाते. मग ती किंमत येणे अशक्य आहे असे का म्हणायचे नाही?

---

मुळाकाठ

रेवा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की परस्पर अपवर्जक घटनांचा संबंध अत्यंत घट्ट असतो. त्यांपैकी एक घडली हे कळले की दुसरी घडलेली नाही हे निश्चितपणे कळते. म्हणून दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून अधिक असेल तर त्या अपवर्जक आणि स्वतंत्र अशा दोन्ही असूच शकत नाहीत. स्वतंत्र घटनांत छेदाची, म्हणजे दोन्ही एकत्र घडण्याची, संभाव्यता ही दोघींच्या संभाव्यतांच्या गुणाकाराएवढी असावी लागते, आणि इथे छेदाची संभाव्यता शून्य असते पण गुणाकार शून्य नसतो.

यापुढचा फरक अधिक महत्त्वाचा आहे. घटना अपवर्जक आहेत की नाहीत हे नुसते संच पाहून सांगता येते, स्वातंत्र्य मात्र संचांवरून ठरत नाही, ते वजनांवरून ठरते. एक फासा घ्या. ‘सम संख्या येणे’ ही घटना अ आणि ‘४ किंवा त्याहून लहान संख्या येणे’ ही घटना ब. फासा निर्दोष असेल तर त्यांच्या संभाव्यता अनुक्रमे १/२ आणि २/३ आहेत, छेदात २ आणि ४ हे दोन घटक आहेत, म्हणजे छेदाची संभाव्यता १/३ आहे, आणि गुणाकारही १/३ येतो. घटना स्वतंत्र आहेत. आता असा फासा घ्या की ज्यात ६ ची संभाव्यता १/२ आहे आणि उरलेल्या पाचही संख्यांची प्रत्येकी १/१० आहे. संच तेच राहिले, पण अ ची संभाव्यता ०.७, ब ची ०.४ आणि छेदाची ०.२ झाली, तर गुणाकार ०.२८ आला. त्याच दोन घटना आता स्वतंत्र राहिल्या नाहीत. ‘संबंध नाही’ ही भावना बाजूला ठेवून प्रत्येक वेळी हा गुणाकार प्रत्यक्ष तपासावा असा माझा आग्रह त्यामुळेच असतो.

तीन घटना आल्या की भावना आणखी दगा देते. दोन निर्दोष नाणी उडवा. पहिल्यावर छापा, दुसऱ्यावर छापा, आणि दोन्हींवर सारखीच बाजू, या तीन घटनांपैकी कोणत्याही दोन घेतल्या तरी त्या स्वतंत्र आहेत. तिन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता मात्र १/४ आहे, १/८ नाही, कारण पहिल्या दोन घडल्या की तिसरी घडलीच. जोडीजोडीने असलेले स्वातंत्र्य आणि सामूहिक स्वातंत्र्य या दोन वेगळ्या अटी आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न खोल आहे. ० ते १ या अंतरालातून एक संख्या समान वितरणाने निवडली, तर ०.३ आणि ०.५ यांच्या दरम्यान ती असण्याची संभाव्यता ०.२ आहे. इथे वजन लांबीला दिलेले आहे आणि एकाकी बिंदूची लांबी शून्य असते. तरीही कोणता ना कोणता बिंदू निवडला जाणारच आहे, म्हणून शून्य संभाव्यता म्हणजे अशक्यता असे म्हणता येत नाही. सर्व बिंदूंची शून्ये मिळवून १ कसा झाला, अशी शंका इथे बहुतेकांना येते. गृहीतक फक्त गणनीय मालिकांच्या बेरजेची हमी देते आणि अंतरालातील बिंदू गणनीय नाहीत, हे तिचे निरसन आहे. त्याच गृहीतकामुळे सर्व नैसर्गिक संख्यांतून एक संख्या समसंभाव्य रीतीने निवडणे अशक्य ठरते: प्रत्येकीला शून्य वजन दिले तर बेरीज शून्य होते आणि शून्याहून थोडेही अधिक दिले तर ती अनंत होते.

---

गोदाकाठचा_अभियंता

मी कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रणाचे काम पाहतो आणि माझ्या मते पहिल्या वर्षातील सर्वांत मोलाचा विषय सशर्त संभाव्यता हा आहे. त्यातही ‘अ घडल्यास ब’ आणि ‘ब घडल्यास अ’ यांची गल्लत सुशिक्षित माणसांकडूनही होते, म्हणून एक काल्पनिक आकडेमोड इथे पूर्ण लिहितो.

समजा, एखादा आजार १ टक्का लोकांना आहे. आजारी माणसाची चाचणी ९० टक्के वेळा होकारार्थी येते आणि निरोगी माणसाचीही ती ५ टक्के वेळा चुकून होकारार्थी येते. सरसकट सर्वांची चाचणी केली आणि एकाची होकारार्थी आली, तर त्याला आजार असण्याची संभाव्यता किती? पुष्कळ जण ९० टक्के असे उत्तर देतात. आता दहा हजार लोकांचा विचार करा. त्यांतील १०० आजारी आहेत आणि त्यांच्यापैकी ९० जणांची चाचणी होकारार्थी येईल. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी ४९५ जणांचीही ती होकारार्थी येईल. म्हणजे एकूण ५८५ होकारांपैकी ९० खरे आहेत आणि संभाव्यता सुमारे १५ टक्के आहे.

बेझचे सूत्र हेच सांगते. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड प्राइसने १७६३ साली प्रसिद्ध करवला. विद्यार्थ्यांनी हे सूत्र अक्षरांत पाठ करण्याआधी निदान काही उदाहरणे अशी माणसे मोजून सोडवावीत, कारण त्यामुळे छेदस्थानी काय आहे हे कायमचे लक्षात राहते. मुळाकाठ यांच्या भाषेत सांगायचे तर अट म्हणजे नमुना अवकाश लहान करणे आणि उरलेल्या भागाचे वजन पुन्हा १ होईल अशा रीतीने सर्व वजने त्याच प्रमाणात वाढवणे.

---

सीमोल्लंघन

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते. मी परदेशात एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे सराववर्ग घेते आणि तिथेही नेमकी हीच जागा अवघड जाते, त्यामुळे हा केवळ आपल्या शाळांचा प्रश्न नाही.

नमुना अवकाश लहान करताना ‘काय कळले’ याबरोबरच ‘ते कसे कळले’ हेही पाहावे लागते. फ्रेंच गणिती बर्ट्राँ याच्या १८८९ सालच्या ग्रंथात तीन पेट्यांचा प्रश्न आहे. एका पेटीत दोन सोन्याची नाणी आहेत, दुसरीत दोन चांदीची आणि तिसरीत एक सोन्याचे व एक चांदीचे. यादृच्छिक रीतीने एक पेटी निवडून तिच्यातील एक नाणे न पाहता काढले आणि ते सोन्याचे निघाले, तर त्याच पेटीतील दुसरे नाणेही सोन्याचे असण्याची संभाव्यता किती? चांदीची पेटी बाद झाली, दोन पेट्या उरल्या, म्हणून १/२, असे उत्तर चटकन सुचते. परंतु आपण पेटी पाहिलेली नाही, नाणे पाहिले आहे. सहा नाण्यांपैकी प्रत्येक नाणे निघण्याची संभाव्यता १/६ होती; सोन्याची नाणी तीन आहेत आणि त्यांपैकी दोघांचे जोडीदार सोन्याचे आहेत, म्हणून उत्तर २/३ आहे.

तीन दारांचा प्रसिद्ध प्रश्नही याच कुळातील आहे. तो स्टीव्ह सेल्विनने १९७५ साली मांडला आणि १९९० साली एका अमेरिकन साप्ताहिकातील सदरामुळे त्यावर मोठा वाद झाला. तुम्ही एक दार निवडता, सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी एक दार उघडून मागे बक्षीस नसल्याचे दाखवतो आणि निवड बदलण्याची मुभा देतो. बक्षीस कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल आणि तो जाणूनबुजून नेहमी रिकामेच दार उघडत असेल, तर निवड बदलल्यास जिंकण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याने मात्र डोळे मिटून एक दार उघडले आणि ते योगायोगाने रिकामे निघाले, तर ती १/२ आहे. डोळ्यांसमोरचे दृश्य दोन्ही वेळा अगदी तेच आहे, वेगळी आहे ती सूत्रसंचालकाची पद्धत. म्हणून मी सराववर्गात असे सांगते की नमुना अवकाशात केवळ बक्षिसाची जागा लिहू नये, सूत्रसंचालकाची कृतीही लिहावी. ती लिहिली की उत्तराविषयी वाद घालायला जागाच उरत नाही.

---

निवृत्त_मास्तर

चर्चा चांगली चालली आहे, तरी एका बाबतीत मला असहमती नोंदवावीशी वाटते. मोजणी सरावाने सुधारते हे खरे. पण हल्ली सरावच होत नाही. संच कोणता हे अचूक सांगूनही ज्याला त्याचे घटक मोजता येत नाहीत, त्याला उत्तर काढता येणार नाही. वाढदिवसांचा प्रश्न घ्या. वर्षाचे ३६५ दिवस समसंभाव्य मानल्यास २३ माणसांत निदान दोघांचा वाढदिवस एकच असण्याची संभाव्यता सुमारे ०.५०७ येते. ती काढायला पूरक घटना घेण्याचे कौशल्य लागते, आणि ते आकडा इतका मोठा का हेही उलगडून दाखवते, कारण २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. सतराव्या शतकातील जुगारप्रिय फ्रेंच लेखक शेव्हालिए द मेरे याचे जुने उदाहरणही तसेच आहे. एका फाशाच्या चार फेकींत निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता ०.५१८ आहे, तर दोन फाशांच्या चोवीस फेकींत निदान एकदा ६-६ ही जोडी येण्याची ०.४९१ आहे. हे आकडे हाताने काढल्याशिवाय विषय अंगात मुरत नाही.

---

मुळाकाठ

मास्तर, आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि पूरक घटनेची सवय पहिल्याच आठवड्यात लागावी हेही खरे. तरीही विद्यापीठातील अभ्यासक्रमाचा मोठा भाग मोजणी टाळण्याच्या कलेचा आहे, असे मला वाटते, आणि त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण अपेक्षित मूल्याची (म्हणजे संभाव्यतांनी भारित सरासरीची) रेषीयता हे आहे: बेरजेचे अपेक्षित मूल्य म्हणजे अपेक्षित मूल्यांची बेरीज.

पत्रे आणि पाकिटे यांचा प्रश्न मोंमोरने १७०८ साली एका पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने मांडला होता. शंभर पत्रे त्यांचे पत्ते लिहिलेल्या शंभर पाकिटांत यादृच्छिक रीतीने घातली, तर सरासरी किती पत्रे योग्य पाकिटात जातील? मोजणीच्या वाटेने गेलात तर नेमकी शून्य, एक, दोन पत्रे बरोबर जाण्याचे क्रमपर्यय मोजावे लागतात आणि ते काम जिकिरीचे आहे. त्याऐवजी प्रत्येक पत्रासाठी एक चल घ्या, जो पत्र योग्य पाकिटात गेल्यास १ आणि अन्यथा ० असतो. प्रत्येकाचे अपेक्षित मूल्य १/१०० आहे, चल शंभर आहेत, म्हणून बेरजेचे अपेक्षित मूल्य १ आहे. हे चल परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, कारण नव्व्याण्णव पत्रे बरोबर गेली तर शंभरावेही बरोबरच जाणार. परंतु अपेक्षित मूल्यांची बेरीज करायला स्वातंत्र्य लागतच नाही, आणि ही गोष्ट पहिल्यांदा समजते तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती फार मोठे साधन येते. पत्रे पाच असोत की पाच हजार, उत्तर १ च राहते.

एकही पत्र योग्य जागी न जाण्याची संभाव्यता काढायची असेल तेव्हा मात्र मास्तरांची मोजणी हवीच. पाच पत्रांसाठी ती ४४/१२०, म्हणजे ०.३६६७ येते आणि पत्रे वाढवत नेली की ती ०.३६७९ जवळ, म्हणजे ‘ई’ या संख्येच्या व्यस्ताजवळ स्थिरावते.

---

रेवा_सातारा

अपेक्षित मूल्याचे हे उदाहरण फार आवडले. त्यात आपण ‘चल’ म्हणालात, त्याविषयी विचारते. आमच्या तासाला यादृच्छिक चल म्हणजे नमुना अवकाशावरील फलन अशी व्याख्या दिली आणि लगेच वितरणांचे तक्ते सुरू झाले. तक्ता हाती असेल तर फलनाची गरज काय?

---

सीमोल्लंघन

रेवा, एक लहानसा प्रयोग कागदावर करून पाहा. पहिल्या फाशावरील संख्या हा चल ‘क्ष’ माना. दुसऱ्या फाशावरील संख्या हा ‘य’ माना, आणि ‘७ वजा क्ष’ हा ‘झ’ माना. य आणि झ यांचे तक्ते हुबेहूब सारखे आहेत, दोघेही १ ते ६ या किमती प्रत्येकी १/६ संभाव्यतेने घेतात. परंतु ‘क्ष अधिक य’ ही बेरीज २ पासून १२ पर्यंत बदलत राहते, तर ‘क्ष अधिक झ’ ही नेहमीच ७ असते. नुसत्या तक्त्यांवरून हा फरक कळणे शक्य नाही, कारण एकेका चलाचा तक्ता त्याच्याच किमतींविषयी बोलतो आणि दोन चल एकाच नमुना अवकाशावर एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे सांगत नाही. ते सांगायला फलन लागते, किंवा दोघांचे संयुक्त वितरण लागते. प्रचरण (चलाच्या किमती किती विखुरल्या आहेत याचे माप) आणि सहप्रचरण (दोन चल एकत्र कसे बदलतात याचे माप) यांची सूत्रे शिकताना हे उदाहरण जवळ ठेवा. क्ष आणि य यांच्या बेरजेचे प्रचरण ३५/६ आहे आणि क्ष आणि झ यांच्या बेरजेचे शून्य आहे.

---

गोदाकाठचा_अभियंता

महासंख्यांच्या नियमाविषयीही कोणी लिहावे. नाण्यावर सलग पाच काटे आले की आता छापा ‘यायलाच हवा’ असे समजणारे लोक याच नियमाचा दाखला देतात.

---

मुळाकाठ

याकोब बर्नुलीचा हा नियम १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाला. फेकी वाढवत नेल्या की छाप्यांचे एकूण फेकींशी गुणोत्तर छाप्याच्या संभाव्यतेजवळ येत जाते, असे तो सांगतो. म्हणजे तो गुणोत्तराविषयी आहे, संख्येविषयी नाही. निर्दोष नाणे १०० वेळा उडवले तर छाप्यांची संख्या ५० पासून ढळण्याचे प्रमाण विचलन (साधारणतः किती ढळेल याचे माप) ५ असते. १०,००० वेळा उडवले तर ते ५० असते आणि दहा लाख वेळा उडवले तर ५०० असते. म्हणजे संख्येतील फरक वाढतच जातो. एकूण फेकींशी त्याचे प्रमाण मात्र ५ टक्के, ०.५ टक्का, ०.०५ टक्का असे घटत जाते. नेमके निम्मे छापे येण्याची संभाव्यताही घटते. १०० फेकींत ती सुमारे ०.०८ आहे आणि १०,००० फेकींत ०.००८ आहे. नाणे मागचे पाच काटे भरून काढत नाही. पुढच्या हजारो फेकींच्या तुलनेत ते पाच काटे नगण्य होतात, एवढेच.

गुणोत्तर किती झपाट्याने जवळ येते हेही पाहण्यासारखे आहे. १०० फेकींत ६० किंवा अधिक छापे येण्याची संभाव्यता सुमारे ०.०२८ आहे, तर १,००० फेकींत ६०० किंवा अधिक छापे येण्याची संभाव्यता एक अब्जांशाहूनही कमी आहे. अशा दुर्मीळ विचलनांच्या घातांकी घसरणीचा व्यापक सिद्धांत उभारण्यासाठी चेन्नईत जन्मलेल्या आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संशोधन केलेल्या श्रीनिवास वरदन यांना २००७ सालचे आबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षाच्या नाणेफेकीपासून तिथपर्यंतची वाट सरळ आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

---

निवृत्त_मास्तर

संतत चलांसाठी एक प्रश्न देतो. बहुतेकांची गाडी द्विसंकलनाच्या मर्यादा लिहिताना अडते आणि त्याचे कारण आकृती न काढणे हे असते. दोन मित्र संध्याकाळी ५ ते ६ च्या दरम्यान दादर स्थानकाच्या पुलावर यादृच्छिक वेळी पोहोचतात. पहिला १० मिनिटे थांबतो आणि दुसरा २० मिनिटे थांबतो. त्यांची भेट होण्याची संभाव्यता काढा आणि त्यासाठी कोणती गृहीतके वापरली तीही लिहा.

---

रेवा_सातारा

आडव्या अक्षावर पहिल्याची आणि उभ्या अक्षावर दुसऱ्याची येण्याची वेळ मिनिटांत घेतली, तर नमुना अवकाश ६० बाय ६० चा चौरस होतो. दुसरा पहिल्यानंतर १० मिनिटांहून अधिक उशिरा आला तर भेट होत नाही; तो भाग ५० बाजूचा काटकोन त्रिकोण आहे. पहिला दुसऱ्यानंतर २० मिनिटांहून अधिक उशिरा आला तरीही भेट होत नाही. तो भाग ४० बाजूचा त्रिकोण आहे. दोन्हींचे क्षेत्रफळ १,२५० आणि ८००, मिळून २,०५०. चौरसाचे क्षेत्रफळ ३,६०० आहे, म्हणून भेट होण्याची संभाव्यता १,५५०/३,६००, म्हणजे ३१/७२, सुमारे ०.४३ आहे.

गृहीतके दोन आहेत. प्रत्येकाची वेळ त्या तासात समान वितरणाने विखुरलेली आहे, आणि दोघांच्या वेळा परस्परांपासून स्वतंत्र आहेत. या दोन्हींमुळेच वजन क्षेत्रफळाला देता आले. पण हे दोघे एकाच लोकलने येत असतील तर काय करायचे?

---

मुळाकाठ

उत्तर बरोबर आहे. दोघे एकाच लोकलने येत असतील आणि पुलावर एकाच क्षणी पोहोचत असतील, तर प्रत्येकाची वेळ स्वतंत्रपणे पाहिल्यास ती अजूनही त्या तासात समान वितरणाने विखुरलेली असू शकते, म्हणजे दोन्ही तक्ते जसेच्या तसे राहतात. परंतु त्या दोन वेळांची जोडी नेहमी चौरसाच्या कर्णावरच पडते. कर्णाचे क्षेत्रफळ शून्य आहे, म्हणून तुम्ही वापरलेल्या वजनाने त्याची संभाव्यता शून्य होती. नव्या वजनाने ती १ झाली आणि भेट निश्चित झाली. या संयुक्त वितरणाला घनता फलन नाही, त्यामुळे चौरसावर द्विसंकलन करून इथे काहीच हाती लागणार नाही. कर्णावरील लांबीवर एकेरी संकलन करावे लागेल. दोघे कधी एकाच गाडीने आणि कधी वेगवेगळ्या गाड्यांनी येत असतील, तर एकाच गाडीने येण्याची संभाव्यता ‘ग’ मानून ‘ग अधिक (१ − ग) गुणिले ३१/७२’ असे लिहा, आणि ‘ग’ ची किंमत कशी अंदाजता येईल यावर उद्या इथेच लिहा.